डब्यातली साखर

बाबा साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळता रस दाणा कधी धरतो आणि पॅन, म्हणजे रस आटवायचं भलंमोठं भांडं, कधी सोडून रिकामं करायचं, हे ठरवणारा माणूस. यंत्रावर काटे होते, पण बाबांचा विश्वास आपल्या अंगठ्यावर. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडात धरायचा, मग दोन बोटांत चोळून बघायचा. ही खोड घरीही सुटली नाही. आई होती तेव्हा सांगायची, "लग्न ठरलं त्या दिवशी हे माझ्याकडे कमी आणि साखरेच्या डब्याकडेच जास्त बघत होते."

दोन वर्षांपूर्वी बंदरावर परदेशी साखर उतरू लागली. आमची साखर तिच्यापुढे टिकेना. कारखान्याची यंत्रं जुनी, जळण महाग, उसाला भाव नाही म्हणून शेतकरी मक्याकडे वळलेले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. कारखान्याच्या वरच्या साहेबांनी नफा खाताना मुळंही ठेवली नाहीत. त्यांचा मला अजून राग येतो.

"गोदाम रिकामं झालं तरच पुढचा हंगाम," मॅनेजरनं सांगितलं आणि कारखाना बंद झाला. बाबांनी ते फारच मनावर घेतलं. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून बाहेर पडणारे ट्रक बघायचे. संध्याकाळी दुकानांतून, शेजारीपाजारी "आपलीच साखर घ्या हो" म्हणत फिरायचे. कोपऱ्यावरचे शिंपीकाका त्यांना लांबून बघूनच म्हणायचे, "आले बघा साखरेचे जावई."

घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. एक दिवस मी दुकानातून परदेशी साखर घेतली आणि गुपचूप डब्यात ओतली. म्हटलं, साखर ती साखर, कुणाला कळतंय.

सकाळी बाबांनी चहासाठी डबा उघडला. चिमूटभर साखर तळहातावर घेऊन खिडकीशी गेले, चोळली. मी भांडी घासत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दाणा चांगला आहे गं," ते म्हणाले. "एकसारखा. आम्हाला असा कधी जमला नाही."

"बाबा, स्वस्त होती म्हणून..."

"मग स्वस्तच घ्यायची. लोक तरी दुसरं काय करतायत?"

त्या संध्याकाळी ते शेजाऱ्यांकडे गेले नाहीत. फाटकाशीही पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. हंगाम सुरू झालाच नाही. वर्षभरात कारखाना भंगारात निघाला. बाबांचा पॅन तीन तुकडे करून ट्रकवर चढवला, तेव्हा मी बघायला गेले. ते आले नाहीत.

हल्ली ते बिनसाखरेचा चहा पितात. कुणी विचारलं तर सांगतात, डॉक्टरांनी बंद केलीय. डॉक्टरकडे ते गेलेलेच नाहीत. मी अजून तीच साखर आणते. डबा भरताना ते घरात नाहीत ना, एवढं बघते.