जवळ सरकलेलं शहर

मीनलचा फोन आला तेव्हा मी तिच्या नवऱ्यावर, म्हणजे दिगंबरवर, चिडलेलीच होते. माझी शिडी नेऊन त्याला वर्ष होत आलं होतं आणि दर वेळी ‘उद्या आणतो, पुणेकर’ एवढंच उत्तर मिळायचं. स्क्रीनवर मीनलचं नाव दिसल्यावर हॅलो म्हणायच्या आधीच मी म्हटलं, "त्याला सांग, शिडी आज आली नाही तर मी पोलिसात जाते." पलीकडून ती म्हणाली, "दिगंबर गेला गं. सकाळी सायकल काढताना कोसळला तो." त्याला आता महिना होऊन गेला. तो फोन आठवला की रडू येतं आणि मागोमाग हसूही येतं, कारण मी काय बोलले हे त्याला कळलं असतं तर त्याने ते हॅनोव्हरमधल्या प्रत्येक मराठी माणसाला रंगवून सांगितलं असतं.

आमची ओळख इथल्या, जर्मनीतल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली. मी पुण्याहून आलेली संगणकवाली, तो दगडी बांधकामावर पीएचडी करायला आलेला. पहिल्याच दिवशी माझ्या पोह्यांकडे बघून त्याने विचारलं, "हे काय करायलाव?" आणि मला एकदम कुणीतरी घरचं भेटल्यासारखं वाटलं, जरी माझ्या घरी असं कुणीच बोलत नाही. तो लातूरकडचा. गणपती विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला, त्या गावांपैकी एक त्याचं. तो तेव्हा कॉलेजसाठी शहरात, होस्टेलवर होता, म्हणून वाचला. वडील आणि धाकटी बहीण गेली, आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. हे त्याने मला एकदाच सांगितलं, कांदा चिरता चिरता, आणि लगेच विचारलं की मीठ कुठे ठेवलंय.

पुढे सरकारने गाव दुसऱ्या जागी वसवलं. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, भूकंपाला दाद न देणारी घरं. इंजिनियर म्हणून दिगंबरला त्यात खोट काढता येईना आणि आईला तिथे करमेना. "माझं गाव तिकडं होतं," म्हणत त्या रोज दुपारी जुन्या जागेवर जाऊन लिंबाखाली बसायच्या. जर्मनीत त्या यायला तयार होत्या फक्त पाहुण्या म्हणून. दिगंबरची एवढीच इच्छा होती की आई जिथे राहतात तिथे त्यांचं मन रमावं. बाकी कशाचीही चेष्टा करणारा हा माणूस या विषयावर मात्र हळवा व्हायचा. "एकदा तिला पटू दे, गाव दुसरीकडं पण उभं राहतं... मग मी सुटलो," असं तो म्हणायचा.

त्यातून त्याला नोटोचं वेड लागलं. नोटो हे इटलीतल्या सिसिली बेटावरचं गाव. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी भूकंपात डोंगरावरचं जुनं गाव जमीनदोस्त झालं आणि लोकांनी खाली, समुद्राच्या बाजूला, नवं शहर बांधलं. तेही कसं, तर मधाच्या रंगाचा दगड, राजवाडे, चर्चं, आणि बाल्कन्यांखाली कोरलेले सिंह, घोडे, वेडीवाकडी तोंडं. गंमत म्हणजे जुन्या जागी परत जायचं की नव्या, यावर तिथे वर्षानुवर्षं भांडणं चालली होती. "गेनाऊ, अगदी आपल्यासारखी!" दिगंबर खुशीत येऊन सांगायचा. सुट्टी मिळाली की हा तिकडे. मीनल म्हणायची, लोक सवतीला घाबरतात, माझी सवत भूकंपात पडून परत उभी राहिलेली आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी आई गणपतीच्या सुमारास हॅनोव्हरला आल्या होत्या. दिगंबरने इथल्या मराठी मंडळात जाहीर केलं की यंदाचा देखावा नोटोचा. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, खुर्चीतून उठलेच. "अहो, देखावा म्हणजे कैलास करावा, किल्ला करावा. गणपतीत चर्च कशाला?" दिगंबर शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, चर्च काढू. त्या जागी बाप्पा बसवू. समोर एवढ्या मोठ्या पायऱ्या हायत, त्याला शोभतील." भाऊसाहेब उत्तर शोधेपर्यंत ठराव पास झाला होता.

पुढचे काही आठवडे त्याच्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या त्याच्या कोंदट खोलीत, शहर उभं राहत होतं. पुठ्ठा, प्लास्टर, आणि दगडाचा रंग साधायला चहाचं पाणी आणि हळद. सगळं मापात, रस्ते नकाशाप्रमाणे रुंद. पूर्ण झाल्यावर त्याने आईंना हात धरून खाली आणलं. मीही होते. त्यांनी सगळं फिरून पाहिलं, सिंहांना हसल्या, आणि म्हणाल्या, "लई देखणं केलंस. पण आपल्या नव्या गावासारखंच हाय की रे. घरं ही एवढी लांब लांब. कुणी हाक मारली तर ऐकू जाईल का?" दिगंबर नुसता प्लास्टरने माखलेले हात पुसत राहिला. मला त्याचा चेहरा बघवेना.

स्थापनेच्या दिवशी सकाळी उत्सवासाठी घेतलेल्या हॉलच्या हाउसमाइस्टरचा, म्हणजे देखभाल करणाऱ्याचा, फोन आला की पाइप फुटलाय, हॉलभर पाणी आहे. धावपळ, फोनाफोनी... शेवटी जागा दिली ती जवळच्या चर्चने, त्यांच्या सभागृहात. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "बाप्पाचीच इच्छा." गाडी मिळेना, म्हणून प्रत्येकाने एकेक इमारत मांडीवर घेतली आणि आम्ही ट्रामने निघालो. माझ्याकडे राजवाडा होता, भाऊसाहेबांकडे मठ. समोरच्या जर्मन आजींनी विचारलं, हे रोम का? दिगंबरने त्यांना नोटोची गोष्ट सांगायला घेतली आणि त्या नादात आजींचा स्टॉप गेला. आजी आमच्याबरोबरच उतरल्या आणि आरतीलाही थांबल्या.

सभागृहातली टेबलं मात्र छोटी होती. शहर काही केल्या मावेना. दिगंबर मापं घेऊन घामाघूम, कुठली गल्ली वगळायची या विचारात. तेवढ्यात आई खुर्चीवरून उठल्या, माझ्या हातातला राजवाडा घेतला आणि शेजारच्या घराला चिकटवून ठेवला. मग मठ अलीकडे. रस्त्याची बोळ झाली, चौकात चार घरं आली.

"आई, असं नाही ते," दिगंबर कळवळून म्हणाला. "खोटं होतंय सगळं."

"तू ऱ्हा तुझ्या खऱ्यात," त्या म्हणाल्या. "ते घर दे इकडं."

त्याने टेप खिशात टाकली आणि एकेक घर उचलून त्यांच्या हातात देऊ लागला. तासाभरात जे उभं राहिलं त्याला नोटोच्या माणसाने ओळखलं नसतं, पण आम्ही सगळे त्याच्याभोवती घोटाळत होतो. आरती झाली, मोदक संपले, तरी आई देखाव्यापुढून हलल्या नाहीत. बाप्पाच्या पायऱ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "दिगंबर, मला असा ओटा करून दे. तिकडच्या घराला." नव्या घरासाठी त्यांनी काहीतरी मागायची ती पहिलीच वेळ. दिगंबर भांडी आवरायच्या निमित्ताने आत गेला. मी मागे गेले तर हा सिंकपाशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता, आणि मला बघून म्हणाला, "पुणेकर, मोदकात वेलची जास्त झाली होती."

त्या हिवाळ्यात गावी जाऊन त्याने ओटा बांधला. दोन खोल्यांचं घर आणि पुढे रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या राजवाड्यासारख्या रुंद पायऱ्या. गवंडी हसला, गाव हसलं, आणि मग हळूहळू सगळं गाव तिथेच बसायला लागलं. जुन्या जागेवर जायला आता सवड मिळत नाही, असं आईच फोनवर सांगायच्या.

परवा धीर करून मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. त्या बाहेरच बसल्या होत्या, पायऱ्यांवर. चेहरा एवढासा झालेला. "घरात बस म्हणत्यात सगळे," त्या म्हणाल्या. "पण आत मी एकटी असते बघ." त्यांच्या मागेपुढे बायका शेंगा सोलत होत्या, एक म्हातारी पायऱ्यांवर आडवी झाली होती. कुणीतरी विचारलं, कोण गं फोनवर?

"दिगंबरच्या तिकडच्या गावची हाय," आई म्हणाल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "सरक जरा. तिला बसू दे."

आणि त्यांनी फोन त्या दोघींच्या मधे, पायरीला टेकवून उभा ठेवला. पुढचा अर्धा तास माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. शेंगा सोलल्या जात होत्या, रस्त्याने जाणारं कुणीतरी हाक मारत होतं, आणि मी हॅनोव्हरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात, त्यांच्यात बसले होते.