चलथाणची साखर

“नवां बेन लखे छे बहु, बोलतां नथी.” नव्या बाई लिहितात खूप, बोलत नाहीत.

दाराबाहेर जमादार चहावाल्याला सांगत होता आणि आत मला स्पष्ट ऐकू येत होतं. नव्वदच्या दशकातली सुरत, कतारगामचं पोलीस ठाणं, आणि मी बडोद्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली प्रोबेशनर फौजदार. पुढे गंभीर गुन्हे कितीतरी हाताळले, पण निवृत्तीनंतर आधी आठवतं ते हे प्रकरण.

हिऱ्याच्या एका शेठनं मुंबईहून जुनी परदेशी मोटार आणली होती. लांबलचक, काळी, चकचकीत. महिन्याभरात ती भेस्तानजवळ धूर ओकत बंद पडली. इंजिन उघडायचं तर सुटे भाग मुंबईहून मागवायचे. गाडी जुनी, पण भाग नव्याच्या भावात. शेठ आधीच तापलेले, त्यात ठाण्यात निनावी फोन आला: ड्रायव्हरनं पेट्रोलच्या टाकीत साखर टाकली आहे, त्याचा साडू चलथाणच्या साखर कारखान्यात आहे.

ड्रायव्हर धुळ्याकडचा. दिवाळीच्या रजेवरून शेठशी त्याचं वाजलं होतं. डिकीत साखरेची पिशवीही सापडली.

“साडूनं दिली, ताई. घरी न्यायची होती,” तो मला मराठीत सांगत होता. “माझ्याच पोटावर मी कशाले पाय देऊ?”

त्याची बायको डबा घेऊन पायरीवर बसली होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं.

पंचनाम्यासाठी आवारात बॉनेट उघडलं. शेठनं इंजिन ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि ते ओरडले, “जुओ साहेब, आ रही खांड!” ही बघा साखर. झाकणाच्या आत पांढरट, घट्ट फेस चिकटला होता. पंचांनी माना डोलावल्या.

“चाखो शेठ, मीठी छे?” जमादार म्हणाला. सगळे हसले. ड्रायव्हर सोडून.

मोठे साहेब म्हणजे आमचे पीआय. त्यांनी जमादाराला खूण केली, “याला आत घे.” आत घेणं म्हणजे काय, ते ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. जमादारानं ड्रायव्हरचा दंड धरला.

तो फेस मी लहानपणी पाहिला होता. बाबांनी हौसेनं अशीच एक जुनी गाडी घेतली होती. दुरुस्तीचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून बाबा बॉनेटखाली आणि मी शेजारी स्टुलावर, वाचून दाखवायला. बाहेर तोंड न उघडणारी मी तिथे मात्र खणखणीत वाचायची.

मी चहावाल्याकडून पाण्याचा ग्लास घेतला. चमच्यानं थोडा फेस त्यात टाकला आणि ढवळला. तो विरघळेना. वर तरंगत राहिला, भोवती तेलाचा तवंग.

“साहेब...” मी पुटपुटले.

“मला एकट्याला नको, बेन. सगळ्यांना सांगा. मोठ्यानं.”

मी सांगितलं. ही साखर नाही. टाकीतली साखर इथवर पोहोचतही नाही. हे ऑइलमध्ये मिसळलेलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. इंजिन फार तापलं की त्याच्या दोन भागांमधलं पॅकिंग जळतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. जुन्या गाड्यांत हे नेहमीचंच. मग मी गाडीच्या पुढे गेले. शेठच्या बांनी, म्हणजे आईनं, दसऱ्याच्या पूजेत बांधलेली देवीची जाड लाल चुंदडी अजून तशीच होती, वाऱ्याची जाळी पूर्ण झाकून. वारा आत जाणार कुठून?

शेठ चुंदडीकडे बघत राहिले. “बाए बांधी हती,” एवढंच म्हणाले. आईनं बांधली होती.

साखर हा शब्द आधी कानावर पडला नसता, तर तो फेस कुणालाच साखर वाटला नसता. पुढच्या सगळ्या नोकरीत कुठल्याही फोननंतर मी स्वतःला हे बजावत आले. बाबांच्या त्या कटकट्या गाडीचे आणि माझ्याऐवजी स्वतः न बोलणाऱ्या त्या साहेबांचे उपकार मी विसरलेले नाही. ते मला सहज गप्प बसू देऊ शकले असते.

त्या दिवशी साहेब माझ्याकडे बघत होते. पायरीवरची बाई डबा छातीशी धरून उठली होती. जमादाराची पकड मात्र सुटली नव्हती.

“जमादार,” मी म्हणाले, आणि या वेळी मला कुणी मोठ्यानं बोलायला सांगितलं नव्हतं, “हात सोडा त्याचा.”