नदीपलीकडचा पट

नगरच्या स्टँडवरून सकाळची पुण्याची एसटी सुटली तेव्हा मी खिडकीशी बसून लहान मुलीसारखी पाय हलवत होते. एकसष्टाव्या वर्षी! तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, सहली कितीतरी काढल्या, पण त्या सगळ्या मुलांच्या. ही माझी स्वतःची होती. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या पुढं, उतारवस्ती नावाची वस्ती आहे. उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा. इंग्रज जायच्या आधीची काही वर्षं माझे आजोबा, साळवे मास्तर, तिथं एकशिक्षकी शाळा चालवत होते.

आमच्या घरात त्या वस्तीचं नाव कुणी काढत नसे. 'गावानं त्यांना हाकललं,' एवढं एकच वाक्य, तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. का हाकललं ते कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते; त्यांच्या तोंडून त्याबद्दल एक शब्द ऐकल्याचं आठवत नाही. त्यांच्या मुलांपैकी आता एकटी आत्या उरली आहे, अठ्ठ्याऐंशीची. तिला म्हटलं, जाऊन बघून येते. ती म्हणाली, "पुरलेलं उकरू नये." म्हणून तिला न सांगताच निघाले होते.

शेजारी बसलेल्या बाईंशी मिरचीच्या लोणच्यावरून गप्पा अशा रंगल्या की शिरूर कधी आलं आणि गेलं, कळलंच नाही. कंडक्टर ओरडला, "मावशी, शिरूर मागं ऱ्हायलं की!" आणि त्यानं मला कारेगावला उतरवलं. कंपन्यांची रात्रपाळी नुकतीच सुटली होती. निळ्या शर्टांची नुसती गर्दी, मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानावर पडत होतं. टपरीवर चहा घेतला तर मागच्या शाळेत पाढे चालू झाले. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. एक बारकी मुलगी पुढं उभी राहून सांगत होती, "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" चहावाला कौतुकानं म्हणाला, "हमारी बिटिया है. बिहार से आए थे तब मराठी का एक अक्षर नहीं आता था." चुकून उतरले ते बरंच झालं म्हणायचं.

वडापच्या जीपनं पुन्हा शिरूर गाठलं, तिथून न्हावऱ्यावरून मांडवगण फराट्याची एसटी. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कांदा, आणि दाण्यात आलेली ज्वारी. मांडवगणला एसटीतून उतरले तर पुढच्या गाडीला तासभर अवकाश होता. बांधावर एका कुटुंबानं आगटी पेटवली होती. मी नुसती पाहत होते, तर त्यातल्या आजीबाईंनी हाक मारली, "या बाई, गरम हाय तवर खावा." तळहातावर चोळलेला हिरवागार हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. जीभ भाजली, पण हात थांबेना.

उतारवस्तीच्या शाळेत पोचले तेव्हा दुपार झाली होती. दोन स्वच्छ खोल्या, भिंतीवर रंगीत नकाशे. मंगलताई नावाच्या मुख्याध्यापिका एकट्याच दोन वर्ग सांभाळत होत्या. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, पण साळवे मास्तर हे नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

"इथली जुनी माणसं संपली मॅडम," त्या म्हणाल्या. "एक हुसेनआप्पा तेवढे आहेत. याच शाळेत शिकलेत म्हणतात. पण ते नदीपलीकडं राहतात, दौंड तालुक्यात."

"पलीकडचे असून या शाळेत कसे?"

"ते त्यांनाच विचारू. शाळा सुटू द्या, मी सोडते तुम्हाला."

शाळा सुटताच त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी भीमेचा पूल ओलांडला. हाकलल्याची गोष्ट खरीच निघाली तर? आजोबांनी काही लाजिरवाणं केलेलं असलं तर?

हुसेनआप्पा मुलाणी नव्वदीच्या पुढचे. अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते. मंगलताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आप्पा, या साळवे मास्तरांच्या नात."

त्यांच्या हातातला लसूण खाली पडला. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "सलाम."

आम्ही ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच म्हणतो. "सलाम, आप्पा," मी म्हटलं.

"मास्तरबी असंच म्हणायचं. आम्हाला वाटायचं, मास्तर आमच्यातलंच हायेत." ते हसले. "तुम्हाला ठाव हाय का, मास्तर हितनं का गेलं?"

"तेच विचारायला आलेय."

आप्पांनी सांगितलं ते असं. त्या काळी मास्तराचा पगार जिल्ह्याचं स्कूल बोर्ड देई, पण खोली गावानं द्यायची. उतारवस्तीनं दगडमातीची खोली बांधली, पलीकडच्यांनी बाभळीची लाकडं दिली. पटावर ठरावीक मुलं असली तरच शाळा चालणार, आणि वस्तीवर तेवढी मुलं नव्हतीच. म्हणून आजोबांनी नदीपलीकडची बावीस मुलं पटावर घेतली. ती रोज नावेतून येत. नावाड्याला दोन्ही काठची घरं सुगीला जोंधळा घालत. पण दुसऱ्या तालुक्यातली मुलं या शाळेत धरायची नाहीत, असा वरचा हुकूम होता. आजोबांनी मुलांच्या नावापुढं गाव लिहिलंच नाही.

"आन् एक दिस दिपोटी आलं," आप्पा म्हणाले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. "श्रावण व्हता. नदी फुगल्याली. नावाडी म्हनला, मी पोरास्नी घिऊन येनार न्हाई. मास्तर सोताच दोर बांधून आमच्या काठाला आलं. तीन खेपा केल्या नावंच्या. नाव डुलाया लागली की मास्तर छातीइतक्या पाण्यात उतरायचं आन् दोर वढायचं. आम्ही वरून पाढं म्हनत हुतो. मास्तरांनीच सांगितलं हुतं, भ्या वाटलं तर पावकी म्हना."

"मग पोचलात सगळे?" मंगलताईंनी विचारलं.

"समदी पोचलो. वलीचिंब. दिपोटीनं पट मोजला, बरोबर भरला. मास्तर खूश. मग दिपोटीनं मला हुबं केलं. म्हनलं, बाळ, गाव कुठलं?" आप्पांनी लसूण बाजूला सारला. "मी आठ वर्साचा. मी आपलं गाव सांगितलं. पलीकडचं. खरं तेच सांगितलं."

"मग?"

"दिपोटी मानूस वाईट नव्हता. वल्या पोरांकडं बघत ऱ्हायला. शाळा बंद केली न्हाई त्यानं. पलीकडची पोरंबी ऱ्हाऊ दिली. पण हुकूम मोडला म्हनून मास्तरांची बदली लांब झाली. जायच्या दिशी दोन्ही काठची मानसं दौंडच्या टेशनापातुर चालत गेली. बायाबी. वाजंत्री लावली हुती."

हाकललं नव्हतं! मला उठून नाचावंसं वाटलं. पण आप्पा माझा हात घट्ट धरून होते.

"बाई, एक इचारतो. मास्तर माझ्यावर रागावलं हुतं का? घरी कवा बोललं का, त्या मुलाण्याच्या पोरामुळं झालं म्हनून?"

ऐंशी वर्षांहून जास्त काळ हा माणूस हे मनात घेऊन बसला होता. 'छे, ते तुमचं कौतुकच करायचे,' असं सांगणं किती सोपं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण खरं सांगितल्याची शिक्षा भोगलेल्या माणसाशी खोटं कसं बोलू?

"मला माहीत नाही आप्पा," मी म्हटलं. "ते याबद्दल कधीच बोलले नाहीत. पण एक सांगते. आमच्या घरी खोटं बोललं की आजोबांचा मार बसायचा. काच फोडली आणि खरं सांगितलं, तर एकदाही नाही."

आप्पांनी माझा हात सोडला. मग डोळे पुसून आत हाक दिली, "अगं, मास्तरांची नात आलीया! भाकरी टाका, अंडी फोडा!" जेवल्याशिवाय त्यांनी हलू दिलं नाही.

रात्री दौंड स्टेशनवरून नगरची गाडी पकडली. बाहेर अंधार होता आणि मी एकटीच खुळ्यासारखी हसत होते. आम्ही शिक्षक सरकारच्या शाळा म्हणतो. असतीलही. पण ही एक शाळा दोन काठच्या माणसांनी, एका नावाड्यानं आणि हुकूम मोडणाऱ्या एका मास्तरानं उभी ठेवली होती, आणि ती आजही भरते.

राहवेना, म्हणून डब्यातूनच आत्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"ऐकतेस ना, आत्या?"

"म्हणजे मी आजवर उगाच खोटं बोलत आले," ती म्हणाली. "सासरी, शेजारी, सगळ्यांना सांगितलं, माझे वडील सैन्यात होते."

मला हसू आवरेना. तीही हसायला लागली आणि हसता हसता रडायला. मग नाक ओढून तिनं विचारलं, "आणि काय गं, ती पोरं सगळी नीट पोचली ना अलीकडं?"

"सगळी, आत्या. बावीसच्या बावीस."