नाव लिहिलं त्या दिवशी

पुस्तक त्यांनीच आणलं होतं, हे आधी सांगून टाकते. मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पुढचं वाचणं पोरींच्या पुस्तकांतून, चुलीपुढे बसून शिकले. म्हातारपणी वहीत आठवणी लिहायला लागले, तर आमचे घरधनी वाशीमच्या वाचनालयातून लिहिणं म्हणजे काय यावरचं एक जाड पुस्तक घेऊन आले. "घे, शीक," म्हणाले.

अवघड होतं बाई. एक पान तीनदा वाचावं तेव्हा डोक्यात शिरे. त्यात एका ठिकाणी असं होतं की, ज्याचं नाव घ्यायला आपण कचरतो त्याच्याकडे आपण नीट पाहिलेलंच नसतं. ते मला झोंबलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दोन वह्या भरल्या, अन् नवऱ्याचं नाव कुठेच नाही. सगळीकडे नुसतं 'हे'. सासू सांगायची, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य दाण्यादाण्यानं कमी होतं. उखाण्यात घेतलं तेवढंच. ते देवासमोर, म्हणून चालतं.

त्या सकाळी ते वाशीमला गेले. मागच्या साली छातीत स्प्रिंग बसवली, तिच्या तपासणीला. दोनच्या एसटीनं येतो म्हणाले. मी वही उघडली अन् त्यांचं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोनची एसटी आली. ते उतरले नाहीत.

फोन लावला, तर तो घरातच, फळीवर चार्जिंगला लावलेला, वाजायला लागला. तीन वाजले. वही उघडीच होती, अन् ते नाव माझ्याकडे पाहत होतं. म्हटलं, खोडून टाकावं. पेन टेकवलं अन् हात आखडला. नाव कोणाचं खोडतात? सासरे गेले तेव्हा रेशनकार्डावरचं त्यांचं नाव अशीच आडवी रेघ मारून कमी केलं होतं. मी शेजारीच उभी होते. पान फाडावं तर तेही तसंच. राहू दिलं तर आयुष्य कमी, खोडलं तर माणूसच कमी. पेन हातात धरून किती वेळ बसले, सांगता येत नाही.

शेजारून जाऊ आली. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"काहून लिवलं बाई? त्या पुस्तकवाल्याले बायको नसंन, म्हणून त्याले सुचते."

मग तिनंच तोड काढली. देवासमोर नाव चालतं ना, मग वही देवासमोर ठेव. आम्ही दोघींनी देवघरात वही उघडून ठेवली, दसऱ्याला पोरांच्या वह्यांना लावतो तसं त्या नावाला हळदकुंकू लावलं, अन् एकमेकींकडे न पाहता बसून राहिलो.

साडेचारच्या गाडीनं ते आले. रिपोर्ट उशिरा मिळाले म्हणे. डॉक्टरनं पुन्हा बोलावलंय, पंधरा दिवसांनी, थोडी शंका आहे. हे त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं. मग वही दिसली. वाकून वाचलं.

"माही पूजा कायले मांडली? जित्ता आहो मी अजून."

जावेनंच सांगितलं काय ते. त्यांनी वही उचलून माझ्या हातात दिली.

"आता पुढचं लिव. नुसत्या नावानं लोकायले काय समजते?"

"मले भेव लागते," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची ओढली अन् समोर बसले. "मी हालत नाही इथून. पाह्यत पाह्यत लिव."

तेव्हापासून ते समोर असले तरच लिहिते. एक ओळ झाली की मान वर करून पाहते, सदरा छातीवर हलतो का. ते पेपर वाचत असतात, पण मी पाहते ते त्यांना कळतं, मुद्दाम खाकरतात.

सोमवारी पुन्हा वाशीमला जायचं आहे. या वेळी मीही जाणार आहे, अन् वही देवासमोर ठेवून जाणार आहे.