‘आंग’ या शब्दाचं मी काय केलं

आधी सरोजा अक्काचं नाव लिहिते. पुढं जे सांगायचंय त्यात तिचं नाव वाईट जागी येणार आहे. त्याअगोदर ते एकदा चांगल्या जागी यावं, एवढंच.

बेंगळूरच्या एका दवाखान्यात मी फरशी पुसायचे. अक्का तिथं मशीन जुळवायच्या कामावर होती. एक दिवस तिनं मला फोनवर बहिणीशी बोलताना ऐकलं आणि विचारलं, तुला मराठी येतं? मी मंठाळची, बसवकल्याण तालुक्यातली. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. आमच्याकडं याचं कुणाला कौतुक नसतं. शाळा सातवीत सुटली, भाषा तेवढ्या राहिल्या. अक्कानं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, आपल्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाली, बस. त्या दवाखान्यात तोवर मला बस कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेलाच बसले. पुरती टेकायला मला आठवडा लागला असेल.

आता जे लिहितेय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ज्या बहिणीच्या घरात राहते, तिलाही नाही. तुम्हाला कामून सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, की आता माझ्याच्यानं धरवत नाही म्हणून—खरंच कळत नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. ज्यांना लघवी धरवत नाही, लागली की दारापर्यंत जाईस्तोवर होऊन जाते, अशांच्या माकडहाडाजवळ, आतल्या शिरेपाशी, एक बारीक तार घालतात. तारेला कातडीखाली बॅटरी, बिस्किटाएवढी. ती शिरेला हळूहळू टकटक करत राहते आणि त्यानं मूत्राशय ताळ्यावर येतं. टकटक किती जोरात करायची, तारेच्या कुठल्या टोकातून करायची, हे बाहेरून ठरवता येतं. आणि आता तर त्यासाठी पेशंटनं बेंगळूरला यायचीही गरज उरलेली नाही. पेशंट आपल्या घरी कमरेला एक छोटी डबी लावून बसतो, शेजारी फोन, आणि अक्का इथं कॉम्प्युटरवर आकडा एकेक पायरी वर नेते, की तिकडं पेशंटला मुंग्या येतात. अक्काचं बोट बेंगळूरला, मुंग्या पार सीमेकडच्या आळंदला!

मला याचं अजून नवल वाटतं. मधून काय जातं? कुठल्या वाटेनं जातं? सोलापूरवरून जातं का रायचूरवरून? रेंज गेली तर अर्ध्या वाटेत अडकलेल्या मुंग्या कुठं जातात? मी विचारायचे आणि अक्का कपाळाला हात लावायची. “मादेवी, तुला मशीन बसवायला पाहिजे. तोंडाला.”

पण एवढ्या हुशार मशीनला एक गोष्ट कळत नाही. मुंग्या नेमक्या कुठं आल्या, ते. ते माणसानंच सांगावं लागतं. लघवीच्या जागेपाशी, दोन पायांच्या मधे आल्या तर टोक बरोबर. टाचेला, अंगठ्याला, मांडीला आल्या तर चुकलं, दुसरं टोक बघायचं. म्हणून अक्का प्रत्येक पायरीला विचारायची, “एल्लि?” म्हणजे कुठं. सीमेकडच्या मराठी पेशंटला ते ‘कुठं’ विचारायचं आणि उत्तर कन्नडात आणून द्यायचं, एवढंच माझं काम. एक शब्द न्यायचा, एक शब्द आणायचा. त्यात चुकण्यासारखं काय आहे, नाही का?

नीलम्मा मावशी आळंदची. बाजारात त्यांचं तुरीडाळीचं दुकान, पण घरात सगळ्यांचं कन्नड गिऱ्हाइकापुरतंच. साठीची बाई, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज मोकळा. आधी दुकानाच्या गल्ल्यावर तीच बसायची. मग गिऱ्हाईक समोर असताना मधेच उठून पळावं लागायला लागलं, तेव्हा दुकान सोडलं. मग मठातल्या बायकांत बसणं सोडलं. ऑपरेशनला आली तेव्हा मला बघून म्हणाली होती, “आपलीच पोरगी हाय की गं इथं! आता मला कशाचं भ्या?”

घरी गेल्यावर तिची पहिली जुळणी होती. त्या दिवशी मोठे डॉक्टर मुद्दाम बघायला आले होते, अक्काच्या मागं उभे. पलीकडं व्हिडिओवर मावशी, आणि फोन धरून तिचा मुलगा शरणप्पा. अक्कानं आकडा चढवत नेला. एक, दोन, तीन. मावशीला अजून काही जाणवेना. चौथ्या पायरीला ती एकदम ताठ झाली, मुलाकडं बघितलं, पदर सारखा केला आणि आवाज खाली उतरवून म्हणाली, “आंगात. आंगात मुंग्या यायलेत गं.”

आमच्याकडच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. आंग म्हणजे शरीर, ते सगळ्यांचंच. पण बायका बायकांत आवाज उतरवून आंग म्हणतात तेव्हा ते दुसरं असतं. बाळंतपणानंतर एखादीचं आंग बाहेर आलं म्हणतात, तेव्हा काय तिचं शरीर बाहेर आलेलं असतं? मुलगा फोन धरून उभा असताना मावशीनं जो एक झाकलेला शब्द वापरता येत होता तो वापरला. आणि तो माझ्यासाठी होता. मला कळेल म्हणूनच वापरला.

मला कळला. हे मी स्वच्छ लिहिते, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलेय की कदाचित नीट कळला नसेल. कळला होता. ऐकल्या क्षणी.

“एल्लि?” अक्कानं विचारलं.

आता बघा—मला कन्नडात ती जागा सांगायची होती. अक्का एकटी असती तर सांगितली असती. पण मागं डॉक्टर. इस्त्रीचा कोट, माझ्या बापाच्या वयाचे. माझे कान तापले. आणि मी एक पळवाट काढली, इतक्या चटकन की आजही तिचं आश्चर्य वाटतं—ती आधीपासून माझ्यात तयार होती का? मी आंग या शब्दाचा सरळ शब्द दिला. कन्नडात शरीराला मै म्हणतात. मी म्हणाले, “मैयल्लि.” अंगात.

अक्का गर्रकन वळली. “मैयेल्ला?” अंगभर?

दोन शब्दांत फरक तो किती! जिभेच्या एका वळणाचा. ती मला विचारत होती, तिचा चेहरा उतरला होता, बाईला अंगभर झटके बसताहेत असं तिला वाटलं होतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग नेमकं कुठं? मी मान हलवली. हौदु. होय.

अक्कानं आकडा खाली आणला, त्या टोकावर लाल खूण केली, वापरू नये असं लिहिलं आणि दुसरं टोक लावलं. मावशीच्या मुंग्या टाचेला गेल्या.

हे झालं पहिलं. माणूस एकदा घाबरतो, समजण्यासारखं आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत आणखी चार वेळा मी मावशीच्या जुळणीला त्या खुर्चीत बसले. टाच, मांडी, अंगठा. शरणप्पा पलीकडून वैतागून म्हणायचा, “आता अंगठ्याला म्हणायलीय. अंगठ्यानं मुततंय का कोण?” आणि मावशी त्याला दटावायची, मग माझ्याकडं बघून दरवेळी एकच वाक्य म्हणायची. “पयलंच बरं हुतं बाई. त्या दिवशीचं.” दरवेळी. आणि अक्का विचारायची, काय म्हणाली? आणि मी सांगायचे, काही नाही, बरी आहे म्हणते.

पहिल्या दिवशी मी एक शब्द वाकवला. नंतर चार वेळा मी अख्खं वाक्य गिळलं. कारण पहिलं बरं होतं हे सांगितलं तर अक्का विचारणार, अंगभर झटके बसत होते ते बरं कसं? तोवर मला लाज वाटायची थांबली होती. आता खुर्ची जाईल अशी भीती होती. लाज कुठं संपली आणि भीती कुठं सुरू झाली ते मी शोधत असते, पण सापडत नाही.

मधे उमरग्याला मावशीच्या नातवाचं बारसं झालं. पाळणा तीच म्हणणार असं लेकीनं धरलेलं. मशीन बसवलंय म्हणून मावशीनं हिंमत केली आणि गेली. दुसऱ्या कडव्याला, सगळ्या बायकांच्या मधे, सतरंजीवर तिचं लुगडं भिजलं. हे तिनं मला फोन करून सांगितलं. घरात कुणाला सांगणार? “पाळणा अर्धाच ऱ्हायला बघ,” म्हणाली. मग जराशानं, “मशीनला माझी भाषा कळंना की काय गं?”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी गोड बोलले असेन.

मग डॉक्टरांनी अक्काला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. इतके दिवस झाले आणि एक टोक जुळवता येत नाही? बाईला बोलवा, काढून टाकू. अक्का म्हणाली, माझंच चुकलं असेल सर. कागदावर तसंच आलं, पहिली जुळणी सदोष, आणि खाली अक्काचं नाव. मी शेजारीच बसले होते. पाणी प्यायले, एवढं आठवतं.

मशीन काढायची तारीख ठरली. त्याआधी नियमाप्रमाणं शेवटची एक जुळणी होती. डॉक्टर नव्हते. मी अक्काला म्हणाले, ते लाल खुणेचं टोक एकदा बघूया का, हळूहळू? ती म्हणाली, कशाला? मी म्हणाले, असंच, मन म्हणतंय. तिनं भीतभीत आकडा चढवला. चौथ्या पायरीला मावशी हसली. हसलीच. “हां, हेच गं हेच! आंगात!” आणि या वेळी मी कन्नडात ती जागा सांगितली, पुरी, जशी सांगायला पाहिजे होती तशी. अक्का खुर्चीतून उठली. “अगं, तिथंच तर पाहिजे!”

मशीन काढलं नाही. महिन्याभरात मावशी गल्ल्यावर बसायला लागली. आणि डॉक्टर आले तेव्हा अक्कानं मला पुढं केलं—सर, ही कल्पना मादेवीची. अक्काला वाटलं होतं की मधल्या दिवसांत शीर सरावली असेल म्हणून तेच टोक आता चाललं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, शहाणी आहेस. मी खाली बघून हसले. त्यानंतर फडकं परत कधी हातात घ्यावं लागलं नाही.

मशीनचं सगळं कॉम्प्युटरमधे जपून राहतं. कुठलं टोक, कितवी पायरी, किती वाजता. फक्त कोण काय म्हणालं आणि कुणी काय सांगितलं, ते राहत नाही. मी कधीकधी तो जुना दिवस उघडून बघते. लाल खूण दिसते. माझा आवाज कुठंच नाही.

नीलम्मा मावशी अजून संक्रांतीला शेंगाच्या पोळ्या पाठवते. तुझ्यामुळं बरी झाले, म्हणते. मी खाते. अक्काला त्या वर्षी वरची जागा मिळायची होती, ती मिळाली नाही. त्या एका ओळीमुळं का आणखी कशामुळं, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. ती आता हुबळीला असते. निघताना मला म्हणाली, अशीच प्रश्न विचारत जा.

सरोजा अक्का, मी हे फेडीन. याच डॉक्टरांपुढं उभी राहून पहिल्या दिवशी मावशी काय म्हणाली आणि मी काय सांगितलं ते सांगेन, त्या ओळीखालचं तुझं नाव काढून तिथं माझं नाव लिहून घेईन, आणि तो कागद घेऊन हुबळीला येईन. तारीख आत्ता लिहीत नाही. पण येईन.