कुठल्याच शिफ्टमध्ये न बसणारा मुलगा

रोह्याच्या सुगराबींना मोबाईल शिकवण्यात घरच्यांनी आठ वर्षं घालवली. लेक तस्नीम निडीहून येऊन दर वेळी पहिल्यापासून शिकवी. मुलगा नावेद कतारला. त्यानं मोठ्या अक्षरांचा फोन पाठवला. सुगराबी त्याच्यावर रुमाल टाकून ठेवत. आतून कोण ऐकत असेल, काय भरवसा?

मग ईदला नावेद आला नाही. ‘नाइट शिफ्ट चालू आहे, सुटी नाही,’ म्हणाला. सुगराबी पंधरा दिवसांत सगळं शिकल्या.

फोनमधली एकच गोष्ट त्यांना कामाची वाटली: व्हॉट्सॲपवर नावाखाली दिसणारं लास्ट सीन, म्हणजे माणूस शेवटचा फोनवर कधी होता ती वेळ. नवरा अस्लमभाई धाटावच्या कंपनीत एकतीस वर्षं तिन्ही शिफ्टा करून रिटायर झालेले. कुठल्या शिफ्टचा माणूस कधी जेवतो, कधी मेल्यासारखा झोपतो, हे सुगराबींना तोंडपाठ. कतारचं घड्याळ मागे म्हणून अडीच तास वजा करून त्या नावेदच्या वेळा कॅलेंडरवर लिहू लागल्या.

“पोलिसात का नाय गेलीस तू?” अस्लमभाई म्हणाले.

“तुमी गप बसा. नाइटवाला सकाळी आठाला झोपतो का नाय?”

“व्हय.”

“मग ह्यो आठाला जागा, अकराला जागा, रात्री दोनला फोनवर. ही कंची शिफ्ट?”

अस्लमभाईंनी चष्मा लावला आणि आठवडाभराच्या वेळांवरून बोट फिरवलं.

“ही शिफ्टच नाय,” ते हळूच म्हणाले. “पोराला काम नाय.”

सुगराबींनी आयुष्यातला पहिला व्हॉइस मेसेज पाठवला. “नावेद, नोकरी कदी गेली सांग. खोटं बोलू नको, तुजा बाप बाजूला बसलाय.”

थोड्या वेळानं नावेदच्या नावाखालची वेळच दिसेनाशी झाली.

“बंद केलान,” अस्लमभाई म्हणाले.

“म्हंजी खरं हाय.”

तासाभरानं फोन आला. “अम्मी, तीन महिने झाले. तुला कोणी सांगितलं?”

“तूच सांगितलंस, रोज. आता तिकीट काढ नि त्याचा फोटो पाठव.”

“मोहल्ल्यात काय सांगणार?”

“धाटावला नाइट शिफ्ट हाय, म्हणून दिवसा झोपतो, असं सांगू. त्यांच्याकडे कॅलेंडर नाय.”

नावेद हसला. “येतो,” म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या नावाखाली वेळ पुन्हा दिसू लागली. सुगराबींनी ती उतरवून घेतली. तिकिटाचा फोटो अजून आला नव्हता.