कुजबुज्यांची तोंडी परीक्षा

निवृत्त माणसाला चारचौघं दोनच सल्ले देतात. बाग करा, नाहीतर गुडघे दाखवून घ्या. कुजबुज्यांनी दोन्ही सल्ले मान हलवून ऐकून घेतले, इस्त्रीचा सदरा अंगात घातला, आणि सरळ विद्यापीठात जाऊन इटालियन साहित्याला नाव घातलं. अठराव्या शतकापासून पुढचं. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको अंडं फोडत होती. ते भांड्याच्या बाहेर फुटलं.

"कसलं साहित्य?"

"इटालियन."

"आणि अठराव्या शतकाच्या आधीचं? ते तुमचं वाचून झालंय वाटतं!"

कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते पडलं धंद्यावरून. गावातल्या मोठ्या नाट्यगृहात ते प्रॉम्प्टर होते. विंगेत पडद्याआड एक बुटकं स्टूल, मांडीवर संहिता, हातात निळा कागद चिकटवलेली विजेरी, आणि रंगमंचावर कुणी अडखळला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. तोही असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नये. वाटतं तितकं सोपं नाही हे. एकदा राजा झालेला नट ऐन दरबारात गप्प झाला. कुजबुज्यांनी शब्द दिला. राजाला कळला नाही. पुन्हा दिला. राजा इतका भांबावला, की विंगेकडे वळून मोठ्यांदा म्हणाला, "काय?" तेव्हा प्रधानाने प्रसंग सावरला. म्हणाला, "महाराज, आपण मला फाशी देत होतात." टाळ्या प्रधानाला पडल्या. कुजबुज्यांना कधीच कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटलं नाही. हवा दिसते का कुणाला?

एवढं मात्र झालं, की आयुष्यभर कुजबुजून त्यांचा आवाज तसाच बसला. घरीही तसंच बोलायचे. दुकानात साबण मागायला गेले तर दुकानदार इकडंतिकडं बघून कान पुढे करी. त्याला वाटे, गिऱ्हाइकाला काहीतरी चोरून हवंय. लग्नाला होकार दिला तोसुद्धा बायकोनं ओठांवरून ओळखला होता. बायको शाळेत कवायतीची बाई. तिनं "साऽवधान" म्हटलं की मैदानापलीकडच्या गल्लीतले सायकलवालेही ताठ व्हायचे. एका घरात दोन आवाज म्हणजे एक ढोल आणि एक डास. पण संसार उत्तम झाला. भांडायला दोघं लागतात, आणि यांचं भांडण तिला ऐकूच यायचं नाही.

पुढं नाट्यगृहात रंगमंचाच्या कडेला एक छोटा स्क्रीन बसवला. नटांची वाक्यं त्यावर सरकायला लागली. स्क्रीनला पगार नको, चहा नको, सर्दी होत नाही. कुजबुज्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात इटालियन आलं कुठून? तर तेही नाटकातूनच आलं. अठराव्या शतकातला एक इटालियन फार्स भाषांतर होऊन त्या नाट्यगृहात दरवर्षी लागायचा. म्हातारा व्यापारी, घरातल्या सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला. कोठारही बंद आणि मुलीचं लग्नही बंद. नोकर मिळून त्याला बनवतात, मुलगी हव्या त्या मुलाशी लग्न करते, सगळे नाचतात. आणि शेवटी संहितेत एवढंच लिहिलेलं: "म्हातारी मोलकरीण येते, काहीतरी बोलते. पडदा."

काहीतरी! म्हणजे काय? प्रत्येक नटी आपल्या मनाचं बोलायची. एका वर्षी एक बिचारी नवीन होती, तिला काहीच सुचेना. तिनं विंगेकडे पाहिलं. आणि कुजबुज्यांकडे द्यायला शब्दच नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ती नुसती शिंकली आणि पडदा पडला. ते कुजबुज्यांच्या मनाला जे लागलं ते लागलंच. मूळ पुस्तकात ती म्हातारी काय बोलते ते वाचल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आधी एक वर्ष नुसती भाषा शिकण्यात गेलं. मग मुख्य वर्ग. तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली, एक खिडकी कधीच न मिटणारी आणि दुसरी कधीच न उघडणारी. विद्यार्थी मोजकेच. कुजबुज्यांच्या शेजारी एक पोरगा बसे, इतका उंच की त्याचे गुडघे बाकात मावत नसत. सगळे त्याला लंबू म्हणत. तो पहाटे ब्रेडच्या व्हॅनवर काम करून यायचा आणि वर्गात मनसोक्त डुलक्या काढायचा. शिकवायला प्राध्यापक बाई. केस आखूड, बोलणं चटचटीत. शिकवताना खडू हातात धरायच्या पण फळ्यावर काही लिहायच्या नाहीत, हवेतच लिहायच्या.

पहिल्याच महिन्यात ग्रंथालयात कुजबुज्यांनी ते नाटक मिळवलं, शब्दकोश शेजारी मांडला, आणि शेवटचं पान उघडलं. म्हातारी येते आणि म्हणते, "मेणबत्त्या विझवा. उद्याही रात्र आहेच."

कुजबुजे इतके हसले, की आवाज न होताही टेबल हलायला लागलं. ग्रंथपाल पाणी घेऊन धावली. बाईंना जाऊन विचारलं, भाषांतरकारानं एवढं चांगलं वाक्य गाळलं कशाला? बाई म्हणाल्या, "त्याला घरी जायची घाई असेल हो."

झालं. काम फत्ते. आता घरी बसायला हरकत नव्हती. बायको म्हणालीही, "मिळालं ना वाक्य? मग चला आता गुडघ्यांच्या डॉक्टरकडे." पण शेवटचं पान वाचायला गेलेला माणूस पहिल्या पानात अडकला होता. त्या नाटकामागून दुसरं आलं, मग कविता आल्या. पुढच्या वर्षी एकोणिसावं शतक येणार होतं, जाड जाड कादंबऱ्या, त्यांत युद्धं, रोगाच्या साथी, ताटातुटी. कुजबुज्यांना त्या कादंबऱ्या अशा दिसायला लागल्या जशा पोराला बरण्या दिसतात, फळीवर, हाताच्या थोड्या वर.

आणि मध्ये उभी होती परीक्षा. तोंडी! खोलीत सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. नापास झाला तर पुढचं वर्ष नाही, आणि या विभागात दुसरी संधी साठीच्या आतल्यांनाच. कुजबुज्यांनी साठी ओलांडली होती. लेखी असती तर त्यांनी ती झोपेत दिली असती. पण बोलायचं, तेही मोठ्यांदा!

बायकोनं प्रकरण हाती घेतलं. "बोलेल त्याची बोरं विकतील," ती म्हणाली, आणि यांना स्वयंपाकघरात उभं करून स्वतः गच्चीवर गेली. तिथून हाक आली, "हं, सुरू करा!"

"अठराव्या शतकात—"

"ऐकू येत नाही!"

"अठराव्या शतकात विनोदी नाटकात—"

"मांजर बोलल्यासारखं वाटतंय! पोट आत, छाती बाहेर!"

महिनाभर हे चाललं. खालच्या मजल्यावरचा नळदुरुस्तीवाला एक दिवस दारात उभा राहिला. कुजबुज्यांना वाटलं तक्रार आली. तो म्हणाला, "वहिनी, काल यांना अर्ध्यात थांबवलंत. त्या व्यापाऱ्याच्या पोरीचं लग्न झालं की नाही? आमची मंडळी जेवायला बसत नाहीयेत."

आवाज तसा थोडा वर आला. पण खरी गोम पुढेच होती. जावई-लेक एकदा आले. लेकीनं परीक्षक होऊन विचारलं, "बाबा, हे सगळं पुस्तकातलं झालं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

कुजबुज्यांनी तिच्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि शेवटी, खरं सांगायचं तर, दाराच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड कुणीच नव्हतं. जन्मभर दुसऱ्याचं वाक्य चोख पोचवलेला माणूस. स्वतःला काय वाटतं हे त्याला कुणी विचारलं होतं कधी?

"बाबा?"

"पुढचा प्रश्न घे," कुजबुजे पुटपुटले.

परीक्षेच्या दिवशी बायको बसनं बरोबर आली आणि खाली थांबली. वर खोलीत सगळी मुलं बाकांवर, समोर टेबलामागं बाई आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, कॉलर मानेपेक्षा दोन नंबर मोठी. कुजबुजे आपल्या जागी, दुसऱ्या बाकावर कडेला. त्यांच्या आधी लंबूचा नंबर.

बाईंनी विचारलं, "त्या व्यापाऱ्याच्या घरातले नोकर काय करतात, सांग."

लंबू उभा राहिला, छताला डोकं टेकेल असा. आणि गप्प. पहाटेच्या व्हॅनमधली झोप अजून त्याच्या डोळ्यांत होती. खोलीत शांतता पसरली.

तुम्हा-आम्हाला ती साधी शांतता वाटली असती. कुजबुज्यांना नाही. आगीच्या बंबावाल्याला धूर दिसावा तसं झालं त्यांना. एक श्वास त्यांनी जाऊ दिला, आणि ओठ आपोआप हलले, "ते किल्ल्यांचा साचा मेणात घेतात..."

"ते किल्ल्यांचा साचा मेणात घेतात," लंबू म्हणाला.

"...आणि मालकाला वाटतं, चोर बाहेरून येणार."

"आणि मालकाला वाटतं, चोर बाहेरून येणार!"

परीक्षक मान डोलवू लागले. कुजबुज्यांना आपण कुठं आहोत याचं भानच उरलं नव्हतं. आवाज असा जात होता की शेजारच्या पोरीलाही ऐकू येऊ नये. पण चूक लंबूनं केली. फुकटचं मिळतंय म्हटल्यावर नट जे करतात तेच: पुढच्या वाक्यासाठी त्यानं सरळ कान कुजबुज्यांकडे वाकवला. आणि एवढा उंच माणूस वाकला की सगळ्या खोलीला दिसतं.

"कोण बोलतंय तिकडं?" बाई कडाडल्या.

कुजबुजे उभे राहिले. तोंड पांढरंफटक. परीक्षक म्हणाले, "नियम स्पष्ट आहे. दोघांनाही बाहेर काढा."

"मुद्दाम नाही हो केलं," कुजबुजे म्हणाले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

लंबूची परीक्षा बाईंनी तिथंच थांबवली; नवी तारीख देऊन खाली बसवलं. मग यांच्याकडे वळल्या. "तुम्ही त्याला जे पुरवलंत ते सगळं माझंच वाक्य आहे, शब्द न् शब्द. मीच शिकवलंय. पाठांतर मला नको. तो व्यापारी कसा आहे ते सांगा. तुमच्या तोंडून. नाहीतर दार तिकडं आहे."

एकोणिसावं शतक फळीवरून खाली यायच्या ऐवजी आणखी वर चाललेलं कुजबुज्यांना दिसलं. त्यांनी विंगेकडे पाहिलं. विंग नव्हतीच, भिंत होती, आणि ती मिटत नाही अशी खिडकी.

"तो... बरा आहे," ते म्हणाले.

"बरा?" बाईंचा खडू हवेत थांबला. "तो लोभी आहे, माणसांना कुलपात ठेवतो, आणि तुम्हाला बरा वाटतो? वर्षभर मी काय शिकवलं?"

"घाबरलेला आहे तो," कुजबुजे म्हणाले. आता मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "सगळे नाचतात, आणि दारं लागली का ते बघायला एकटा तो उठतो. त्याच्यावर हसा खुशाल, पण त्याच्यामुळंच सगळे निवांत झोपतात!"

"ही तुमची कल्पना. नाटकात कुठं आहे?"

"तुम्ही त्याला समोरून बघता, बाई. मी त्याला इतकी वर्षं पाठीकडून बघितलाय. ती पाठ लोभी माणसाची नाही!"

"अहो, लेखकानं पाठ लिहिलेलीच नाही!"

"मग किल्ल्या कुठं लटकवल्यात त्यानं? हवेत?"

खोली हसून लोटपोट झाली. कॉलरवाले परीक्षक "शांत, शांत" म्हणत स्वतःच हसू दाबत होते. बाई तीन ठिकाणचे उतारे काढून दाखवायला लागल्या, कुजबुजे चौथा दाखवायला लागले. दोनदा ते सपशेल चुकले. एक उतारा तर दुसऱ्याच नाटकातला निघाला. पण थांबले नाहीत. शेवटी बाईंनी खडू टेबलावर आपटला.

"तुमचं मत चुकीचं आहे."

"असेल."

"असेल नाही, आहे. पण मत आहे." आणि त्यांनी पास व्हायला लागतात तेवढे गुण दिले, त्याहून एक जास्त नाही. पुरवल्याची शिक्षा म्हणून लंबूच्या फेरपरीक्षेची तयारी करून घ्यायचं काम यांच्या गळ्यात घातलं. "आणि त्या दिवशी तुम्ही या इमारतीत दिसता कामा नये!"

लंबू म्हणाला, "काका, तुमच्यामुळं माझी परीक्षा गेली."

"माझ्यामुळं नाही, तुझ्या मानेमुळं गेली," कुजबुजे म्हणाले, "उद्या संध्याकाळी ये घरी. जागा असशील तर."

बायको खाली बसस्टॉपवर उभी होती. कुजबुज्यांनी लांबूनच दोन्ही हात वर केले. ती काही बोलणार तेवढ्यात मागून बाई आल्या, पिशवी खांद्यावर, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाल्या, "आणि दुसऱ्या अंकात तो नोकराचा पगार कापतो, त्याचं काय? तोही घाबरून कापतो का?"

"कापतो, पण परत देतो ना!"

"कुठं देतो?"

"तिसऱ्या अंकात!"

बस आली. बायको चढली, जागा धरली, खिडकीतून बघते तर नवरा खालीच. पिशव्या खाली ठेवलेल्या, हात हवेत, आवाज रस्त्यापलीकडं जाईल असा. बाईही तशाच. कंडक्टरनं घंटेच्या दोरीला हात घातला आणि विचारलं, "बाई, ते खाली राहिलेत ते तुमचेच का? थांबवू?"

"नको," ती म्हणाली, "जाऊ द्या गाडी. त्यांचं आत्ता कुठं सुरू झालंय."